वारा नसलेला दिवस

“आज दुपारनंतर समुद्र उसळेल,” असं मी भोंग्यावरून सांगितलं, तेव्हा धक्क्यावरची एक बाई हसता हसता मासळीच्या पाटीवरच बसली. पाटीत बांगडे होते. ती उठली तेव्हा तिच्या लुगड्याला मागून दोन बांगडे चिकटून आले आणि मग सगळा धक्काच हसायला लागला.

मी वर खिडकीत माइक धरून तशीच उभी. आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख. वारा इतका पडलेला की बोटींवरच्या भगव्या पताका काठीला ओल्या फडक्यासारख्या लोंबत होत्या. समुद्राकडे पाहिलं तर कुणीतरी इस्त्री करून ठेवल्यासारखा.

“गो हवामानबाय,” खालून गणपततात्या टिकम ओरडले, “ढग नाय, वारो नाय, मगे दर्या उसळतलो खंय? तुझ्या कागदार?”

पुन्हा हशा. तात्या म्हणजे आडबंदरचे सगळ्यात जुने तांडेल, बोट चालवणारे कप्तान. सत्तरी उलटल्यावर बोट पुतण्याच्या हाती दिली होती, पण सकाळ-संध्याकाळ धक्क्यावर बसून समुद्र बघायचं काम त्यांनी सोडलेलं नव्हतं. मी यायच्या आधी गावाचं हवामान खातं तेच होते.

“तात्या, वाऱ्याच्या लाटा नाहीत ह्या,” मी माइकवरूनच म्हणाले. “लांबून येणाऱ्या आहेत. खाडीच्या तोंडातून तीननंतर कुणी आत-बाहेर करू नये.”

“लांबून म्हणजे खंयसून? यवतमाळसून?”

 मी माइक बंद केला.

ह्याला आता चौदा वर्षं झाली. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, वृंदा गावंडे, राहणार दारव्हा, जिल्हा यवतमाळ. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो नोकरीवर रुजू व्हायला आले त्याच दिवशी. एका संस्थेचा मच्छीमारांसाठी प्रकल्प होता. मासेमारी सोसायटीच्या बर्फाच्या शेडवर त्यांनी मला एक खोली दिली होती. तिच्यात एक कॉम्प्युटर, बोटींशी बोलायचा वायरलेस आणि छतावर चार दिशांना चार भोंगे. रोज बारा वाजता अंदाजाचा ईमेल यायचा, तो सोप्या मराठीत करून मी वाचून दाखवायची आणि खालच्या फळ्यावर लिहायची. आमच्या बाबांना ही नोकरी शेवटपर्यंत कळली नाही. फोनवर विचारायचे, “पोरी, तुले पोहता येत नाही अन् तू त्यायले समुद्र शिकवते?”

बाबांचं म्हणणं गावालाही पटलेलं होतं. त्यात एप्रिलमध्ये माझी फजिती झाली. सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा आला, मी घसा कोरडा होईस्तोवर वाचला, गावच्या सगळ्या बोटी दोन दिवस बांधून राहिल्या आणि त्या दोन दिवसांत झाडाचं पान हललं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीच्या दारात कुणीतरी एक मोडका पंखा आणून ठेवला होता. त्यावर खडूने लिहिलेलं, ‘वारा पोचला. आभारी आहोत.’ त्या दिवसापासून माझं नाव हवामानबाय.

त्या गावात मला जवळचं असं एकच माणूस होतं, पारूकाकी कोयंडे. मी तिच्याच घरी माडीवर भाड्याने राहायची. काकी धक्क्यावर मासळी विकायची. आवाज असा की माझे चार भोंगे तिच्यापुढे फिके. तिने मला काटे काढून मासे खायला शिकवलं, इथे आमच्याकडची अंबाडीची भाजी कुणी मागत नाही हे समजावलं, आणि एकदा माझ्या चपला तुटल्या तर स्वतःच्या देऊन आपण अनवाणी बाजाराला गेली. नवऱ्याबद्दल मात्र तिच्याकडे एकच वाक्य होतं. मी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं, काका कसे गेले म्हणून. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “दर्यान नाय नेलो तेका. बाटलेन नेलो.” आणि तव्यावर भाकरी टाकली. पुन्हा मी विचारलं नाही.

तिला एकच मुलगा, दिगंबर. दिगू. चोवीस वर्षांचा, ‘सातेरीप्रसाद’ बोटीचा तांडेल. त्याचं लग्न दुसऱ्या दिवशी दुपारी होतं आणि हळद त्याच दिवशी, मी समुद्र उसळेल म्हणून सांगितलं त्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता. नवऱ्यामुलाने हळदीच्या दिवशी समुद्रावर जावं का, ह्यावरून पहाटे माझ्या माडीखाली भांडण झालेलं मी ऐकलं होतं. दिगूचं म्हणणं, लग्नाला दोनशे माणूस येणार, त्यांना विकतची सुरमई घालायची तर मी तांडेल कसला? चार खलाशी घेऊन तो पहाटे पाचला निघाला होता. म्हणजे मी भोंग्यावरून जे काय सांगितलं ते ज्याला सांगायचं, तो तिथे नव्हताच.

ईमेलमध्ये लिहिलं होतं ते असं. आठवड्यापूर्वी पार दक्षिणेला, जिथे जहाजंही क्वचित जातात, तिथे मोठं वादळ झालं. वादळ तिथेच विरून गेलं. त्याच्या लाटा मात्र निघाल्या होत्या आणि आज आमच्या किनाऱ्याला लागणार होत्या. खोल पाण्यात ह्या लाटा कळतसुद्धा नाहीत. बोट अलगद वर जाते, अलगद खाली येते. उथळ पाणी लागलं की त्या उभ्या राहतात. आणि आडबंदरच्या खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा लांबच लांब दांडा आहे. बंदरात यायचं तर त्याच्यावरूनच यावं लागतं.

तीन वाजेपर्यंत काही झालं नाही. मी चार वेळा खिडकीशी जाऊन आले. मला एप्रिलचा पंखा आठवत होता. खरं सांगायचं तर मनातून मी प्रार्थना करत होते की समुद्र थोडा तरी उसळू दे, निदान पाव तरी. मग आपण काय मागतोय हे लक्षात येऊन मला लाज वाटली.

सव्वातीनला मला दोरखंडांचा आवाज आला. धक्क्याला बांधलेल्या बोटी एकाएकी सगळ्या मिळून वर गेल्या, दोर ताणून करकरले, मग बोटी खाली बसल्या. वारा अजूनही नव्हता. मी घड्याळ पाहून मोजलं. बोटी पुन्हा वर गेल्या त्या सोळाव्या सेकंदाला. रोजची लाट सात-आठ सेकंदांनी येते, हे मी सहा महिन्यांत मोजून मोजून पाठ केलं होतं. सोळा सेकंद म्हणजे ती इथली नव्हती. सहा वेळा बोटी अशा वर-खाली झाल्या आणि मग पुन्हा सगळं निवांत झालं. धक्क्यावर कुणी मानही वर केली नाही.

प्रशिक्षणात शिकवलं होतं, ह्या लाटा घोळक्याने येतात. एक घोळका येतो, मग पंधरा-वीस मिनिटं काही नाही, माणूस फसतो, आणि मग पुढचा मोठा.

तेवढ्यात वायरलेस खरखरला.

“हवामानबाय, दिगू बोलतंय! आवशीक सांग, अठरा सुरमयो गावल्यो. अर्ध्या तासात धक्क्यार येतंय. हळद वाटून ठेव म्हणान!”

“दिगू, आत येऊ नको,” मी म्हणाले. “बाहेरच थांब. पंधरा वाव खोल पाण्यात नांगर टाक आणि सकाळच्या भरतीला ये.”

 पलीकडे पाच माणसांचं हसणं.

“सकाळी? बाय, आज माझी हळद आसा. तुका कोणी सांगूक नाय?”

“मला माहितीये. तरी नको येऊस.”

जिन्यावर पावलं वाजली. वळून बघते तर काकी. हिरवं लुगडं, नाकात नथ, हात कोपरापर्यंत हळदीने पिवळे. ती पोराची खबर घ्यायला आली होती आणि माझं शेवटचं वाक्य तिने ऐकलं होतं.

“काय म्हटलंस?”

“काकी, खाडीच्या तोंडाशी लाटा उठणार आहेत. मोठ्या. आत्ता येणं धोक्याचं आहे.”

काकीने खिडकीतून बाहेर पाहिलं. खाडीचं तोंड उन्हात चकाकत होतं. एक बगळा दांड्याच्या कडेला घोट्याएवढ्या पाण्यात उभा होता.

“खंय आसत लाटा?”

“येतील.”

“घरात पन्नास बायलमाणसा येवन बसली. सासऱ्याकडची माणसा इली. ताशेवालो ताशो शेकता आसा. आणि तू माझ्या झिलाक सांगतंस, येव नको?” तिचा आवाज चढत गेला. “माझ्या घरात ऱ्हवतंस, माझ्या हातचा जेवतंस, आणि माझ्याच झिलाक घरात येवक देणस नाय? दी हयसर तो!”

तिने माझ्या हातून माइक ओढून घेतला. त्यावर पिवळी बोटं उमटली.

“दिगू! आवस बोलतंय. ऐकलंस? सरळ घराक ये.”

“येतंय गो आये.”

“काकी, माझं ऐका...”

“उद्या लग्न जाला की तुझी पेटी उचल. माका नको अशी भाडेकरीण.”

हे तिने इतक्या शांतपणे म्हटलं की मला ओरडण्यापेक्षा ते लागलं. डोळ्यांत पाणी आलं, पण तेवढा वेळ नव्हता. खिडकीतून ‘सातेरीप्रसाद’ दिसायला लागली होती. निळी बोट, पुढे आंब्याचा डहाळा बांधलेला, कारण तांडेल नवरामुलगा होता. ती सरळ खाडीच्या तोंडाकडे येत होती.

मी पुन्हा माइक घेतला. काकीने ह्या वेळी अडवलं नाही. तिला वाटलं असावं की आता बोलून काय होणार.

“दिगू,” मी म्हणाले, “ये तू. पण दांड्याच्या बाहेर, खोल पाण्यात फक्त पाच मिनिटं थांब. इंजिन चालू ठेव. पाच मिनिटांत काही झालं नाही तर उद्या मी तुझ्या वरातीत नाचेन. सगळ्या गावासमोर.”

“तू? नाचतलंस?”

“नाचेन.”

मागून खलाशांची आरडाओरड ऐकू आली. यवतमाळची हवामानबाय ताशावर नाचणार म्हटल्यावर कुणाला बघायचं नव्हतं? दिगू म्हणाला, “थांबलंय. पाच मिंटा. मोज.”

मी मोजायला लागले. काकी खिडकीच्या गजांना धरून उभी. खाली तात्यांनी आमचं बोलणं ऐकलं असावं, कारण ते जिना चढून धापा टाकत वर आले आणि दारात टेकले. “काय तमाशो चल्लोहा?” त्यांनी विचारलं. मी मोजतच राहिले.

एक मिनिट. दोन. बगळा तिथेच होता. तीन. मला माझ्या हातातल्या घड्याळाचा राग यायला लागला. चार. पाच.

“जाली गो पाच!” दिगू ओरडला. “घुंगरा बांध!”

“आणखी पाच,” मी म्हणाले.

“तेच्या बदल्यात काय?”

“गाणं म्हणेन. भोंग्यावरून.”

“खंयचा?”

“तू सांगशील ते!”

बोटीवर पुन्हा हसू. काकी माझ्याकडे बघत होती. माझं सगळं अंग घामाने भिजलं होतं आणि आवाज मात्र मी हसरा ठेवला होता. तिला ते दिसलं असणार. 

सातव्या मिनिटाला बगळा उडाला.

मला त्याचा अर्थ कळला नाही. तात्यांना कळला. ते दार सोडून खिडकीशी आले, गजांशी वाकले आणि त्यांचा चेहरा पालटला. “पाणी बग,” ते पुटपुटले. “पाणी वडता.”

दांड्यावरचं पाणी मागे जात होतं. ओहोटीसारखं हळूहळू नाही; कुणीतरी चादर ओढून घ्यावी तसं. वाळूची ओली पाठ उघडी पडली, ती मी सहा महिन्यांत कधी पाहिली नव्हती. तात्यांनी माझ्या हातातून माइक हिसकला आणि त्या म्हाताऱ्या छातीतून जो आवाज निघाला तो वायरलेसशिवायही पोचला असता.

“दिगू! फिर मागे! नाक दर्यार घाल, दिगू! खोल पाण्यात चल!”

बोट वळली. दिगूने विचारलं नाही कशाला. तात्यांना कुणी विचारत नसे. निळी बोट अर्धं वर्तुळ घेत होती तेव्हा तिच्यापलीकडे समुद्र नुसता फुगला. ना फेस, ना आवाज. एक गुळगुळीत, काळसर, लांबच लांब टेकडी. बोट तिच्यावर चढली, चढली, एवढी वर गेली की तिचं तळचं लाल रंगकाम दिसलं, आणि पलीकडे उतरून दिसेनाशी झाली.

मग ती लाट दांड्यावर आली आणि उभी राहिली. एका डोंगरापासून दुसऱ्या डोंगरापर्यंत सगळं खाडीचं तोंड पांढरं झालं. आवाज नंतर आला, आमच्या खोलीच्या पत्र्याला तो लागला. तिच्यामागे दुसरी. तिच्यामागे तिसरी, सगळ्यात मोठी. धक्क्यावर बायका पाट्या टाकून पळत होत्या, पाणी पायऱ्या चढून बर्फाच्या शेडमध्ये शिरलं. आणि वर आभाळ तसंच. एक ढग नाही. पताका काठ्यांना चिकटलेल्या.

वायरलेसवर खरखर. मग दिगूचा आवाज, हसू गेलेला. “आये. आमी बरे आसव. पाचय जण. भायर आसव.”

  काकी गज धरून बाहेर बघत होती, आणि तिच्या ओठांची हालचाल मला दिसत होती.

“असोच होतो,” ती म्हणाली. “असोच दिवस होतो.”

तात्या खाली बसले. जमिनीवरच, भिंतीला टेकून. म्हणाले, “पारू, दिगूचो बापूस बुडालो तेवा मी धक्क्यार होतंय. पंचनाम्यात माका इचारल्यांनी, दर्या कसो होतो? मी सांगलंय, तेलासारखो. खोटा नाय सांगूक. धक्क्यावरसून तसोच दिसलो. मी नुसती बोट उलटलेली बगलंय.”

“ठावक आसा,” काकी म्हणाली.

“मगे लोकांनी म्हटल्यांनी, शांत दर्यात तांडेल बोट उलटवता म्हणजे पिवन होतो. मी नाय म्हणूक नाय.”

काकीने पदराने माइकवरची हळद पुसली, बटण दाबलं आणि पोराशी अगदी रोजच्या आवाजात बोलली. “झिला, नांगर टाक. काय खावक आसा? भात आसा? मगे जेव आणि नीज. हळद खंय पळान जाता?” मग बटण सोडलं आणि खाली, पन्नास बायकांना नवरामुलगा आज येत नाही हे सांगायला गेली.

सकाळच्या भरतीला ‘सातेरीप्रसाद’ आत आली. समुद्र बराच बसला होता, तरी तात्यांनी मला पंधरा मिनिटं लाटा मोजायला लावल्या आणि स्वतः दोनदा मोजल्या. दिगू धक्क्यावर उतरला तसा बायकांनी त्याला तिथेच धरलं. लग्नाचा मुहूर्त बारा वाजून काही मिनिटांचा, घरी नेऊन हळद लावायला वेळ कुणाकडे होता? मासळीच्या उलट्या पेटीवर पाट मांडला आणि काकीने पहिला हात लावला. ताशेवाल्याने आदल्या दिवसाची भरपाई केली. अठरा सुरमया बर्फातून काढून शेजारी मांडल्या होत्या, त्यांनाही थोडी हळद लागली. आणि वरातीत मी नाचले. नाचायची गरज नव्हती, पैज मी जिंकली होती. पण दिगूने भर रस्त्यात हात जोडले आणि ताशेवाला माझ्यासमोरून हलेना. बाबांनी कधी बघितलं असतं तर नोकरीबद्दल त्यांची खात्रीच पटली असती.

पेटी उचलायचा विषय पुन्हा निघाला नाही.

लग्नाला आठ दिवस झाले असतील. दुपारी मी अंदाज वाचून खाली फळा लिहून वर आले, तर काकी माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलेली. डोक्यावरची चुंबळ हातात. बाजार संपलेला. काहीतरी मनात घेऊन आली होती हे कळत होतं.

“तुझ्या ह्या मशिनात उद्याचा दर्या दिसता,” ती अखेर म्हणाली.

“दिसतो म्हणजे, अंदाज येतो.”

“मगे मागचो दिसता काय?”

“कालचा? हो.”

“कालचो नको.” तिने ब्लाउजमधून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात घडी करून करून चार तुकडे झालेला कागद होता. पंचनाम्याची नक्कल. मृताचं नाव लक्ष्मण बुधाजी कोयंडे. तारीख ९ मे १९९२. खाली तिरक्या अक्षरात, ‘समुद्र शांत, वारा नाही.’

मी कागद वाचला आणि मग तिच्याकडे बघितलं. ती बाहेर बघत होती.

“मधी मधी पीत होतो तो. मी नाय म्हणणंय नाय,” ती म्हणाली. “पण त्या दिवशी सकाळी माझ्या हातचो चाय पिवन गेल्लो. दिगू पाच वर्सांचो. सगळ्यांनी सांगल्यांनी, पियालो म्हणान बुडालो, चार माणसांची घरा बुडवल्यान. त्यातली एक विधवा रोज धक्क्यार माझ्या शेजारी बसता. एकोणीस वर्सां ती माझ्याशी बोलणा नाय. आणि मी काय केलंय? मी पण तेकाच शिव्या घातलंय. एकोणीस वर्सां. रोज.”

 मी कॉम्प्युटरसमोर बसले आणि अंदाज जिथून येतो तिथे ईमेल लिहायला घेतला. तारीख, गावाचे अक्षांश-रेखांश, पंचनाम्यातली वेळ, दुपारचे चार. आधी वाटलं, उत्तरच येणार नाही. आलं तर ‘हा आमच्या कामाचा भाग नाही’ असं येईल. तरी मी सगळं लिहिलं. काकीच्या शेजारी बसणाऱ्या त्या विधवेबद्दलही लिहिलं. काकीने विचारलं, “काय लिवलंस?” मी सांगितलं. तिने मान डोलावली आणि चुंबळ डोक्यावर ठेवून निघून गेली.

दहाव्या दिवशी उत्तर आलं. तिथल्या एका शास्त्रज्ञाने जुन्या नोंदी घालून त्या दिवसाचं गणित पुन्हा करून पाहिलं होतं. मी ते तीनदा वाचलं आणि धावत खाली गेले. काकी बांगड्यांचे वाटे करत होती. मी तिच्या कानाशी वाकले.

“उत्तर आलं,” मी म्हणाले. “वाचून दाखवू?”

“माका नको.” तिने हात पाटीवर झटकले. “भोंग्यार वाच.”

“काकी, त्यात असंही लिहिलंय की नक्की काय झालं ते सांगता येत नाही...”

“ता पण वाच. सगळा वाच.”

बारा वाजले होते. मी वर आले, माइक चालू केला, आणि कागद खिडकीच्या गजाला टेकवून धरला.

“आजच्या अंदाजाआधी एक जुनी नोंद वाचून दाखवते,” मी म्हणाले. “दिनांक ९ मे १९९२. दुपारनंतर ह्या किनाऱ्याला नैऋत्येकडून लांब पल्ल्याच्या लाटा येत असाव्यात, असं गणितावरून दिसतं. दोन लाटांमधलं अंतर सोळा ते अठरा सेकंद. वारा मंद, आकाश निरभ्र. खोल समुद्रात ह्या लाटा जाणवल्या नसत्या. उथळ जागी, विशेषतः खाडीच्या तोंडाशी, त्या अचानक उंच होऊन फुटल्या असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी किनाऱ्यावरून समुद्र शांत दिसतो. एखाद्या बोटीबाबत नेमकं काय घडलं, हे ह्यावरून सांगता येणार नाही.”

मी थांबले. खाली लिलावाचा आवाज बंद झाला होता. बर्फ फोडणाराही थांबला होता. गणपततात्या धक्क्याच्या टोकाला बसले होते, ते काठी टेकत उभे राहिले.

“परत वाच गो,” ते म्हणाले.

मी परत वाचलं. सावकाश, एकेक शब्द. वाचताना मला दिसलं की काकीच्या शेजारची ती विधवा, त्या दिवशी हसता हसता बांगड्यांवर बसली होती तीच, हातातला कोयता खाली ठेवून काकीकडे बघत होती. काकीने तिच्याकडे पाहिलं नाही. ती सरळ उभी होती, पदर खोचलेला, तोंड खाडीच्या दिशेला. वाचून झालं तशी शेजारच्या बाईने आपल्या पाटीतला एक मोठा बांगडा उचलला आणि काकीच्या वाट्यावर ठेवला. 

काकीने तो बांगडा बघितला. नाक पुसलं. मग वर खिडकीकडे मान करून आपल्या नेहमीच्या आवाजात ओरडली,

“जाला? मगे उद्याचो काय तो सांग आता. झील जायचो आसा!”

मी घसा साफ केला आणि उद्याचा समुद्र सांगितला.